दादा १६ वर्षं क्रोम प्लेटिंगमध्ये आहे, पीफासची रक्ततपासणी पुण्यात कुठे होते? आणि केस करता येते का?

इंद्रायणीकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी, खूप दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा दादा, वय ४४, भोसरीत एका प्लेटिंगच्या शॉपमध्ये १६ वर्षं आहे. हार्ड क्रोमचं काम, हायड्रॉलिकचे रॉड वगैरे. शॉपचं नाव लिहीत नाही कारण तो अजून तिथेच आहे आणि नोकरी घालवून चालणार नाही, दोन मुलं शिकतायत. गेल्या वर्षी त्याला थायरॉइड निघाला, या वर्षी कोलेस्टेरॉल २६० आलं. दारू नाही, तंबाखू नाही, आठवड्यातून एकदा मटण सोडलं तर खाणंही साधंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, "वय झालं आता" म्हणाले, विषय संपला.

मग परवा एक रील बघितलं फॉरेव्हर केमिकल्सवर, पीफास म्हणतात ते. शरीरात गेलं की वर्षानुवर्षं निघत नाही, थायरॉइड कोलेस्टेरॉल कॅन्सर सगळं त्याने होतं, अमेरिकेत लोकांना कोटीत भरपाई मिळाली वगैरे. आणि त्यात शेवटी एक वाक्य होतं की हे क्रोम प्लेटिंगच्या टाकीतही वापरतात. माझ्या पोटात गोळाच आला. दादाला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, हो, टाकीत एक लिक्विड ओततात महिन्यातून एकदोनदा, त्याने वर साबणासारखा जाड फेस धरतो आणि धूर कमी येतो. शॉपमध्ये सगळे त्याला "फेसवालं" म्हणतात. कॅनवर काय लिहिलंय ते आजवर कोणी वाचलेलं नाही.

आणखी एक, आमच्या चाळीला बोअरचं पाणी आहे आणि ते शॉप हाकेच्या अंतरावर. प्यायला कॉर्पोरेशनचं नळाचं पाणी वापरतो पण अंघोळ, भांडी सगळं बोअरवर. उन्हाळ्यात टंचाई असली की प्यायलाही तेच.

बाकी त्याची तब्येत तशी ठणठणीत आहे. हाताला भेगा असतात, बोटांवर दोन-तीन जुने खड्डे पडल्यासारखे व्रण आहेत, उन्हाळ्यात घोळणा फुटतो पण ते आमच्या घरात सगळ्यांचंच आहे, आई कांदा फोडून हुंगायला देते.

तर प्रश्न असा की ही रक्ताची टेस्ट पुण्यात कुठे होते, किती पैसे लागतात, आणि टेस्टमध्ये निघालं तर मालकावर केस करता येते का. दादा म्हणतो सोडून दे. वहिनी म्हणते विचार. म्हणून विचारतेय.

नारायणपेठी

ताई, आधी ते रील बघणं बंद करा. टेफ्लॉनचा तवा, रेनकोट, पिझ्झाचा खोका, सगळ्यात आहे म्हणतात ते. मग काय जगायचं सोडायचं? रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि दुधीचा रस, शरीरातली सगळी घाण निघून जाते. माझे काका ८८ चे आहेत.

पंचवीसवर्षंसंसार

@नारायणपेठी तुमच्या काकांना दीर्घायुष्य लाभो, पण दुधीच्या रसाने पीफास जात नाही हो. आणि दुधी कडू निघाला तर काकाच जातील.

ताई, माझी बायको फिजिशियन आहे, तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली, ती पोळ्या लाटता लाटता जे बोलली ते लिहितोय, त्यामुळे क्रम इकडेतिकडे होईल.

पीफास हे एक केमिकल नाही, हजारो केमिकल्सचं खानदान आहे. कार्बन आणि फ्लोरिनची जोडी इतकी घट्ट असते की ना ऊन तोडतं ना जंतू ना आपलं लिव्हर. रक्तात गेलं की पीफोआ आणि पीफॉस ही जी दोन गाजलेली आहेत ती निम्मी व्हायलाच काही वर्षं लागतात, पीफॉसला साधारण ५ धरा. त्यामुळे रील अगदीच खोटं नाही. पीफोआला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने २०२३ च्या शेवटी पक्क्या कॅन्सरकारकांच्या गटात टाकलं.

पण टेस्टचं म्हणाल तर कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीत थायरॉइडसारखी ही होत नाही. त्याला एलसी-एमएस नावाचं महागडं मशीन लागतं, नॅनोग्रॅममध्ये मोजायचं असतं. आणि समजा कुठून तरी करून आणली आणि आकडा आला, तर पुढे काय, हे बायकोचं म्हणणं. रक्तातून ते काढायचं रोजच्या वापरातलं औषध नाही. ऑस्ट्रेलियात फायर ब्रिगेडच्या २८५ जणांवर प्रयोग झाला होता, वर्षभर नियमित प्लाझ्मा किंवा रक्तदान करून, त्यात पातळी उतरली, प्लाझ्मा देणाऱ्यांची जास्त. पण ते म्हणजे उपचार असं कोणी म्हणत नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की रक्तात सगळे मिळून २० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर कोलेस्टेरॉल बघा, थायरॉइड बघा, किडनीच्या आणि वृषणाच्या कॅन्सरची लक्षणं विचारा, आतड्याच्या सुजेची विचारा. म्हणजे आकडा काहीही येवो, तपासण्या त्याच साध्यासुध्या. त्या पीफासची टेस्ट न करताही दरवर्षी करता येतात, लघवीची साधी तपासणी धरून. थायरॉइडची गोळी चालू ठेवा, कोलेस्टेरॉलची आपल्या मनाने बंद करू नका.

आणि हे पण तिचंच, थायरॉइड आणि कोलेस्टेरॉल पुण्यात दर तिसऱ्या घरात आहे. दादाचं पीफासमुळेच झालं असं एका माणसाच्या बाबतीत कोणताच डॉक्टर लिहून देऊ शकणार नाही. वाईट वाटेल पण खरंय.

पाणी उकळून काही होत नाही बरं का, उलट पाणी उडून जातं आणि केमिकल मागे राहतं. आरओने बरंच अडतं, नुसत्या यूव्हीने नाही.

जर्सीकर

मी मूळचा पिंपरीचा, २० वर्षं न्यू जर्सीत. इकडे पीफास म्हणजे वकिलांची दिवाळी आहे, टीव्हीवर जाहिराती चालू असतात. २०२३ मध्ये थ्रीएम या केमिकल कंपनीने एकट्याने पाणीपुरवठावाल्यांना १०.३ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. तुम्ही पण चाळीतले सगळे मिळून क्लास अॅक्शन टाका, एकटं लढू नका.

कोर्टाचीपायरी

@जर्सीकर अहो तो १०.३ अब्ज पाणी कंपन्यांना पाणी गाळायला मिळाला, चाळीतल्या दादाला नाही. माणसांना पैसे मिळाले ते मुख्यतः वेस्ट व्हर्जिनियाच्या पार्कर्सबर्गच्या केसमध्ये, आणि ती कशी लढली गेली ते एकदा वाचा. १९९९ मध्ये एका शेतकऱ्याने गाई मरतायत म्हणून ड्यूपाँटवर, म्हणजे तिथल्या टेफ्लॉनवाल्या कंपनीवर, केस टाकली, वकील रॉब बिलॉट. कोर्टाने कंपनीला कागद द्यायला लावले म्हणून आतली टिपणं बाहेर आली. २००४ ला तडजोड, मग जवळजवळ ६९ हजार लोकांचं रक्त घेतलं, शास्त्रज्ञांची समिती बसली, त्यांनी २०११-१२ मध्ये सांगितलं की सहा आजारांशी संबंध असण्याची शक्यता जास्त आहे, आणि साडेतीन हजार लोकांच्या ६७.१ कोटी डॉलरचा सौदा झाला तो २०१७ ला. १८ वर्षं! तेही जिथे कागद मागता येतात आणि रक्त तपासायला पैसा आहे तिथे.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात पीफासची मर्यादाच नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीफोआ-पीफॉसला लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची ठरवली. मर्यादाच नाही तर ओलांडली म्हणून बोट कुठे ठेवणार? अगदीच दार बंद नाही, चेन्नईच्या पाण्यात आयआयटी मद्रासवाल्यांना पीफास सापडल्याच्या बातमीवरून एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, आपणहून दखल घेतली होती. पण ते सार्वजनिक पाण्याचं.

मी वकील आहे, पण पर्यावरणाचा नाही, कामगार कोर्टातला. ताईंना नीट उत्तर रात्री घरी गेल्यावर लिहितो, आत्ता शिवाजीनगरला तारखेला उभा आहे.

रिटायर्डसेफ्टीवाला

सगळे पीफास पीफास करत बसलेत आणि ताईंनी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात काय लिहिलंय ते एकानेही वाचलं नाही. बोटांवर खड्डे पडल्यासारखे व्रण. घोळणा फुटतो. १६ वर्षं हार्ड क्रोम.

ताई, मी ३१ वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात सेफ्टी ऑफिसर होतो, त्यातली सात वर्षं माझ्याकडे प्लेटिंग लाइन होती. त्या खड्ड्यांना आम्ही क्रोम होल म्हणायचो. बारीक खरचटलेलं असतं, त्यात टाकीतलं पाणी जातं, आणि आठवड्याभरात पेन्सिलच्या टोकाने भोक पाडल्यासारखी गोल जखम होते, कडा उचललेल्या, गंमत म्हणजे फार दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. आणि नाकाचं तेच. नाकाच्या मधल्या पडद्याला आतून जखम होते, खपली धरते, रक्त येतं, आणि एक दिवस आरपार भोक पडतं. ते पण दुखत नाही. माझ्याकडे एक ऑपरेटर होता, त्याचं भोक पडलंय हे त्याला चार वर्षांनी कळलं, तेही श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो म्हणून बायकोने हटकलं तेव्हा.

हे सगळं करतं ते हेक्झाव्हेलंट क्रोमियम, म्हणजे टाकीतलं क्रोमिक अॅसिड. पीफासवर अजून वाद चालू आहेत, याच्यावर वाद नाही, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी हे १९९० पासून पक्क्या यादीत आहे.

आता फेसाचं. करंट सोडला की रॉडवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, ते वर येऊन फुटतात आणि फुटताना क्रोमिक अॅसिडचे बारीक तुषार उडवतात, तोच तुम्ही म्हणता तो धूर. फेसवालं टाकलं की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, तुषार कमी उडतात. म्हणजे ताई, तुम्ही ज्याला घाबरलात त्या फेसानेच १६ वर्षं दादाचं नाक थोडंफार वाचवलेलं असणार. त्यात पीफॉस असायचं हे बरोबर आहे, पीफॉस २००९ पासून स्टॉकहोम कराराच्या (टिकाऊ विषारी केमिकल्सवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे आणि अमेरिकेने प्लेटिंगच्या फेसातून २०१५ मध्ये ते बंद केलं. पण आज बाजारात फ्लोरिन नसलेलाही फेस मिळतो. कॅनमध्ये काय आहे ते लेबल बघितल्याशिवाय तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. दादाला मोबाइल नेऊ देत नसतील तर कागदावर नाव उतरवून आणायला सांगा, ते काही चोरीचं काम नाही. घातक केमिकलचं एसडीएस, म्हणजे सुरक्षेचं माहितीपत्रक, ठेवणं मालकावर बंधनकारक आहे.

फेस असला तरी टाकीच्या काठाला ओढून घेणारी हवा लागते, लिप एक्झॉस्ट म्हणतात. तो आहे का? चालू असतो का? की इन्स्पेक्शनच्या दिवशीच चालू असतो? (मी विचारायलाच नको.) क्रोम प्लेटिंग फॅक्टरी नियमांत डेंजरस ऑपरेशनमध्ये येतं, हात आणि नाक ठराविक काळाने सर्टिफाइंग सर्जनने (कामगारांच्या तपासणीसाठी नेमलेला डॉक्टर) तपासायचं असतं आणि त्याची नोंद ठेवायची असते. दादाचं नाक १६ वर्षांत शॉपमध्ये कोणी तपासलंय का, एवढं विचारा.

पीफासची टेस्ट राहू द्या. या आठवड्यात कान-नाक-घसावाल्याकडे न्या. फार खर्चाचं काम नाही. आणि डॉक्टरला सांगा की क्रोम प्लेटिंगला आहे, केसपेपरवर लिहून घ्या.

पंचवीसवर्षंसंसार

बायकोने कपाळावर हात मारला. म्हणाली मी ते घोळण्याचं ऐकलं आणि सोडून दिलं. छातीचा एक्स-रे पण करून घ्या म्हणतेय, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन.

कोर्टाचीपायरी

आलो घरी. सेफ्टीवाल्या काकांनी माझं काम सोपं केलं.

ताई, तुमच्याकडे दोन वेगळी भांडणं आहेत आणि ती मिसळू नका. एक दादाचं, कामगार म्हणून. दुसरं चाळीचं, बोअरचं.

दादाचं आधी. एनजीटीत कोणी घेऊन जातो म्हणालं तर जाऊ नका, एनजीटी कायद्यातच जिथे इजेच्या भरपाईचं लिहिलंय तिथे "कामगार सोडून" असे शब्द आहेत. त्याचा रस्ता ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का बघा, पाऊण टक्का असते. ठेकेदारामार्फत असला तरी कपात हवी. आता महत्त्वाचं. व्यवसायजन्य आजारांची एक अनुसूची आहे, जुन्या ईएसआय कायद्यात होती, नव्या सोशल सिक्युरिटी कोडमध्येही तिसरी अनुसूची म्हणून आहे. त्यात पीफास हा शब्द नाही. पण क्रोमियम आणि त्याच्या विषारी संयुगांमुळे होणारे आजार आहेत. आणि यादीतला आजार असला, त्या कामात सलग ६ महिने असला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, नाही झाला हे समोरच्याने दाखवायचं. म्हणजे पीफासमध्ये तुम्हाला जे १८ वर्षं सिद्ध करावं लागलं असतं ते इथे आयतं मिळतं. अपंगत्वाची टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवतं, फार मोठी रक्कम येईल या भ्रमात राहू नका, पण कायमचं अपंगत्व ठरलं तर दरमहा येणारे पैसे असतात आणि उपचार असतो. मोहननगरला किंवा बिबवेवाडीला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, खाजगी ईएनटीचा कागद घेऊन तिथे नोंद करा. नोंद आजच्या तारखेची झाली पाहिजे, नोकरी सुटल्यावर हे सगळं दहापट अवघड होतं.

ईएसआय कापतच नसतील तर मालकावर थेट भरपाईचा दावा येतो, त्याला साधारण २ वर्षांची मुदत धरा, आणि मग मला मेसेज करा.

कागद गोळा करा. नेमणुकीचं पत्र नसेल तर पीएफचं पासबुक, जुन्या स्लिपा, गेटपास, दिवाळीच्या बोनसचं पाकीट सुद्धा चालतं, १६ वर्षं तिथेच होता हे दिसलं पाहिजे. फॅक्टरीतले वैद्यकीय रेकॉर्ड मागायचा कामगाराला हक्क आहे. फी नको म्हणाल तर शिवाजीनगर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, औद्योगिक कामगाराला आणि बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

आता बोअर. त्यात पीफास शोधायला जाऊ नका, टोटल क्रोमियम तपासा, कुठलीही एनएबीएल मान्यता असलेली लॅब करते, मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. जास्त निघालं तर वाकडेवाडीला जोग सेंटरमध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑफिस आहे तिथे लेखी तक्रार, पोच घेऊनच उठायचं. शॉपच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या माणसानेच रीतसर घेतलेला असेल तरच पाणी कायद्याखाली पुरावा होतो, तुम्ही बाटलीत भरून नेलेला नाही. शॉपला मंडळाकडून मिळालेल्या परवानगीची, म्हणजे कन्सेंटची, प्रत मंडळाच्या वेबसाइटवर बघा, नाही सापडली तर १० रुपयांची आरटीआय. पुढे जायची वेळ आली तर एनजीटीचं पश्चिम खंडपीठ आपल्याच पुण्यात, कौन्सिल हॉलसमोर. भरपाईसाठी ५ वर्षं मुदत, फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का. पण नुसता आदेश आणि हातात पैसा यात किती अंतर असतं ते केमिकल कारखान्यांनी विहिरी नासवलेल्या राजस्थानच्या बिछडी गावाला विचारा, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९६ चा, आणि ३७ कोटींच्या वसुलीसाठी २०११ मध्येही कोर्ट त्याच कंपनीला झापत होतं.

जर्सीकर

माझं क्लास अॅक्शन मागे घेतो. पण एक विचारू, पीफासकडे मग आपल्याकडे कोणी बघतच नाही का? मी वाचलं होतं की इटलीतली एक फॅक्टरी…

कोर्टाचीपायरी

बरोबर वाचलंत. त्रिसिनो गावातली मितेनी. तिने विचेन्झाच्या बाजूचं भूजल नासवलं, लाखो लोकांचं पाणी, २०१८ ला दिवाळखोरीत गेली, २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या कोर्टाने ११ अधिकाऱ्यांना तुरुंगवास ठोठावला. आणि तिची मशिनरी लिलावात विकली जाऊन कुठे आली, तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला. त्यावर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं चालू दे.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार, उशीर झाला उत्तर द्यायला, दादाला तयार करण्यातच दहा दिवस गेले. शेवटी मुलीने, माझ्या भाचीने, सांगितलं की पप्पा रात्री झोपेत शिट्टी वाजवतात. सेफ्टीवाल्या काकांचं मी वाचून दाखवलं नव्हतं तिला.

काल ईएनटीकडे गेलो. मी अजून काही सांगितलंच नव्हतं, डॉक्टरांनी दिवा लावून नाकात बघितलं, मग दुसऱ्या नाकपुडीतून बघितलं, आणि दादाला विचारलं, तुम्ही प्लेटिंगला आहात का? पडद्याला भोक आहे, साधारण हरभऱ्याच्या डाळीएवढं. दादा हसायलाच लागला. म्हणाला, आमच्या शॉपमध्ये मग सगळ्यांनाच असेल.

एक्स-रे क्लिअर आहे, क्रिएटिनिन पण ठीक. बोअरमध्ये क्रोमियम मर्यादेत आलं, लोह मात्र भरपूर, म्हणून भांडी लाल पडतात. स्लिपवर ईएसआय कापतायत, पण २०१४ पासूनच. त्याआधीची पाच-सहा वर्षं ठेकेदाराची, त्या ठेकेदाराचा आता पत्ता नाही. वकीलसाहेब, त्याचं काय करायचं? सोमवारी मोहननगरला जातोय.

कॅनवरचं नाव दादाने हातावर पेनने लिहून आणलं होतं पण घरी येईपर्यंत घामाने अर्धं पुसलं, उद्या परत आणतो म्हणालाय. शेवटचा शब्द तेवढा वाचता आला, "फ्री". त्याच्याआधी काय होतं देव जाणे.

रिटायर्डसेफ्टीवाला

त्याला म्हणावं तोवर रोज रात्री नाकात व्हॅसलीन लाव, डॉक्टरांना विचारून. आणि शॉपमधल्या बाकीच्यांनाही एकेक करून त्याच ईएनटीकडे पाठव. एकट्याचा कागद मालक दाबतो, सहा जणांचा नाही दाबता येत.

कोर्टाचीपायरी

२०१४ च्या आधीचं सोडून देऊ नका. ठेकेदार गेला तरी मूळ मालक जबाबदार राहतो. सोमवारी मोहननगरहून परस्पर कोर्टात या, दुपारी तीननंतर मी कॅन्टीनमध्ये असतो.